वाचक विचारतात : टायटॅनिकचं वेड, हॅलिफॅक्सचे बूट आणि आपली रामदास

प्रश्न : ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहतो. मला शाळेत असल्यापासून टायटॅनिकचं वेड आहे, पिक्चरमुळे नाही, त्याच्या खूप आधीपासून. १९८५ साली ती समुद्राच्या तळाशी सापडली तेव्हा पेपरात फोटो आलेला, तो मी कापून वहीत चिकटवला आणि तेव्हापासून जे हाताला लागेल ते वाचत आलोय. आता मुलगा कॅनडात सेटल झालाय, आम्हाला बोलावतोय, तर मी म्हणलं नायगारा नंतर बघू, मला आधी हॅलिफॅक्सचं म्युझियम बघायचंय. झालं, घरात वाद. बायको म्हणते मेलेल्या माणसांच्या वस्तू बघायला एवढे पैसे खर्च करून कोण जातं, बरं दिसतं का ते, आणि तुमची स्वतःची आजी रेवसची, तिचा सख्खा भाऊ १९४७ साली रामदास बोट बुडाली त्यात गेला, त्याच्याबद्दल तुम्ही कधी एक अक्षर वाचलं नाहीत. हे मला फार लागलं. हे वेड चुकीचं आहे का? आणि गेलोच तर तिथे नेमकं काय बघू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : दादा, जा. आधी हेच सांगते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. आणि वहिनींना सोबत न्या, कारण त्यांचे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत आणि दोन्हींची उत्तरं त्या म्युझियममध्येच आहेत.

मी स्वतः भाचीकडे टोरांटोला गेले होते तेव्हा हट्टाने हॅलिफॅक्सला जाऊन आलेय, त्यामुळे बघितलेलं सांगते. पहिलं म्हणजे हॅलिफॅक्सच का, हे डोक्यात पक्कं असू द्या. १५ एप्रिल १९१२ ला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बोट बुडाली, सातशेच्या आसपास माणसं लाइफबोटींतून वाचली, त्यांना कार्पेथिया नावाच्या बोटीने उचलून न्यूयॉर्कला नेलं. जवळजवळ पंधराशे माणसं गेली. त्यातल्या ज्यांचे मृतदेह तरंगत होते ते गोळा करायला जी जहाजं पाठवली ती हॅलिफॅक्सहून निघाली, कारण तिथून बोट बुडाली ती जागाही जवळ आणि पुढे रेल्वेचीही सोय. म्हणजे जिवंत माणसं न्यूयॉर्कला उतरली आणि मेलेली हॅलिफॅक्सला. त्यामुळे बाकीच्या शहरांमध्ये टायटॅनिकचा थाट दिसतो, तो जिना, ते झुंबर, त्या डिनरच्या प्लेटा, आणि हॅलिफॅक्समध्ये त्यानंतरचं काम दिसतं. मला विचाराल तर तेच बघण्यासारखं आहे.

पहिलं जहाज मॅके-बेनेट, ते खरं तर समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल दुरुस्त करणारं जहाज. त्यावर बर्फ, शवपेट्या, मृतदेह टिकवायचं औषध असं सगळं भरून १७ एप्रिलला ते निघालं. त्यांना ३०६ मृतदेह सापडले, एवढे सापडतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, सामान पुरेना, शेवटी ११६ जणांना तिथेच समुद्रात सोडावं लागलं आणि परत आणलेल्यांतसुद्धा वर्ग पाळला गेला, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना शवपेटी आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचे लोक कापडात गुंडाळलेले. हे वाचून मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

पण त्याच कामात एक माणूस होता, जॉन हेन्री बार्नस्टेड, हॅलिफॅक्सचा मृत्युनोंदणी बघणारा अधिकारी. त्याची पद्धत साधी होती. प्रत्येक मृतदेहाला एक नंबर, तोच नंबर लिहिलेली कॅनव्हासची छोटी पिशवी, अंगावर खिशात जे सापडेल ते त्या पिशवीत, आणि वहीत वर्णन, अंदाजे वय, केस, कपडे, खूण, सगळं. नाव माहीत नसलं तरी नंबर आहे, उद्या कुणी नातेवाईक आला तर पिशवी उघडून घड्याळ दाखवता येईल, अंगठी दाखवता येईल. पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १९१७ ला, हॅलिफॅक्सच्याच बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा भयंकर स्फोट झाला तेव्हा याच बार्नस्टेडच्या मुलाने मृतांची ओळख पटवायला हीच पद्धत वापरली. त्या पिशव्या म्युझियममध्ये बघा, त्यांच्यापुढे थांबा, लोक डेकवरच्या खुर्चीचे फोटो काढायला धावतात आणि पिशवीकडे बघतही नाहीत.

आता बूट. तपकिरी चामड्याचे, लहान मुलाचे, तळहातावर मावतील एवढे. मृतदेह नंबर ४, साधारण दोन वर्षांचा मुलगा, कुणी न्यायला आलं नाही. मॅके-बेनेटच्या खलाशांनी स्वतः पैसे काढून त्याच्या थडग्यावर दगड बसवला, त्यावर लिहिलं, अनोळखी बालक. मृतांचे कपडे मात्र जाळायचा हुकूम होता, कारण आठवण म्हणून लोक काहीही पळवायला बघत होते. पहारा करणारा पोलीस सार्जंट, क्लॅरेन्स नॉर्थओव्हर, त्याने सगळं जाळलं पण हे बूट जाळायला त्याचा हात झाला नाही, त्याने ते आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. कित्येक वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच्या नातवाने ते म्युझियमला दिले.

आणि पुढची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगते. त्याच सुमारास त्या मुलाचं थडगं उघडून डीएनए तपासला होता आणि नाव जाहीर झालं होतं, तेरा महिन्यांचा एक फिनलंडचा मुलगा. तर बूट त्या मुलाला मोठे! तेरा महिन्यांच्या पायाला ते बसेनात. त्यामुळे शंका आली, पुन्हा नव्याने तपासणी झाली आणि २००७ मध्ये खरं नाव कळलं, सिडनी लेस्ली गुडविन, एकोणीस महिन्यांचा, इंग्लंडहून आई-वडील आणि पाच भावंडांबरोबर निघालेला. आठजणांचं घर, आठही गेले. त्या सगळ्या कुटुंबात थडगं फक्त ह्या मुलाचं आहे. लॅब चुकत होती तिथे बुटाने बरोबर सांगितलं, आणि ते का शक्य झालं तर एका पोलिसाने बूट ठेवले आणि एका कारकुनी डोक्याच्या माणसाने नंबर ठेवला. वहिनींना हे वाचून दाखवा. मेलेल्या माणसाच्या वस्तू बघायला जाणं वाईट दिसतं असं त्या म्हणतात, पण ह्या मुलाला पंचाण्णव वर्षांनी स्वतःचं नाव मिळालं ते कुणीतरी त्याची वस्तू जपली आणि कुणीतरी ती नीट बघितली म्हणूनच ना?

फेअरव्ह्यू लॉनच्या दफनभूमीत पण जाऊन या, तिथे टायटॅनिकच्या १२१ जणांची थडगी आहेत, रांगा अशा वळलेल्या की जहाजाचा आकार वाटतो. कितीतरी दगडांवर आजही नाव नाही, नंबर आणि तारीख एवढंच.

हॅलिफॅक्समध्ये ज्या वस्तू आहेत त्या बहुतेक पाण्यावर तरंगत सापडलेल्या, लाकडाचे कोरीव तुकडे, डेकची खुर्ची, किंवा लोकांनी घरात जपलेल्या. तळातून वर काढलेल्या हजारो वस्तूंचा प्रकार वेगळा आहे आणि खरा वाद त्यावर आहे. रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल ह्या समुद्रसंशोधकांच्या टीमला १ सप्टेंबर १९८५ ला बोट सापडली, ३८०० मीटर खोल, तेव्हा बॅलार्डने काहीही वर आणलं नाही. १९८७ पासून मात्र दुसऱ्या मोहिमांनी वस्तू काढायला सुरुवात केली, आतापर्यंत साडेपाच हजारांच्या आसपास. ईव्हा हार्ट म्हणून एक बाई होत्या, सात वर्षांच्या असताना त्या बोटीत होत्या, वडील तिथेच गेले, त्यांनी ह्याला उघड विरोध केला, माझ्या वडिलांची कबर आहे ती, म्हणाल्या. १९९४ ला लंडनमधल्या ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमने ह्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं तेव्हाही बराच वाद झाला.

माझं मत स्पष्ट सांगते. बोटीच्या सांगाड्याला हात लावू नये, पण आजूबाजूला चिखलात विखुरलेलं जे सामान आहे ते काढलं तर मला त्यात अपमान दिसत नाही, कारण ते तिथे कायमचं राहणार नाहीये. लोखंड खाणारे जीवाणू आहेत तिथे, त्यातल्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये टायटॅनिकचंच नाव दिलं, हालोमोनास टायटॅनिकी. अट एकच, सुटंसुटं विकायचं नाही. अमेरिकेतल्या कोर्टाने तशी अट घातली पण आहे, संग्रह एकत्र राहिला पाहिजे आणि लोकांना बघता आला पाहिजे. पण २०१६ मध्ये ह्या वस्तू बाळगणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, ग्रीनिचच्या आणि उत्तर आयर्लंडच्या म्युझियमनी मिळून तो संग्रह घ्यायचा प्रयत्न केला, पैसे उभे राहिले नाहीत, आणि २०१८ मध्ये १ कोटी ९५ लाख डॉलरला तो गुंतवणूकदारांच्या फंडांकडे गेला. ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो म्युझियमकडे जायला हवा होता.

आणि दादा, मुंबईचा धागा तुम्हाला माहीत आहे का? ॲनी फंक नावाची एक अमेरिकन शिक्षिका होती, मेनोनाइट ह्या ख्रिस्ती पंथाच्या मिशनची, आजच्या छत्तीसगडमधल्या जांजगीरला तिने १९०८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. आई आजारी असल्याची तार आली म्हणून ती मुंबईला येऊन पर्शिया बोटीत बसली आणि युरोपात गेली. तिथून तिचं तिकीट दुसऱ्याच जहाजाचं होतं, पण इंग्लंडमध्ये कोळशाचा संप, त्यामुळे तिला टायटॅनिकवर दुसऱ्या वर्गात जागा दिली. १२ एप्रिलला बोटीवरच तिचा अडतिसावा वाढदिवस झाला. तिचा मृतदेह सापडला नाही. मी कधी बॅलार्ड पिअरच्या बाजूने गेले की तिची आठवण येतेच.

आता रामदास. वहिनींचं हे म्हणणं मी दोनदा वाचलं. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट, गिरण्यांतली, बंदरातली माणसं गावी चालली होती, पावसाळी समुद्र, काश्याच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, बातमी मुंबईत पोचायलाच कित्येक तास लागले, पोहत किनारा गाठलेल्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. आणि महिनाभरात स्वातंत्र्य, फाळणी, सगळं देशाचं लक्ष तिकडे. तुमच्या आजीच्या भावाचा नंबर कुणी लिहिला होता का? पिशवी कुणी बांधली होती का?

म्हणून तुम्हाला काम सांगते, आणि हे तुम्हीच करू शकता कारण चाळीस वर्षं एका बोटीचे कागद जमवायची सवय तुम्हाला आहे. हॅलिफॅक्सला जायच्या आधी रेवसला जा, भाऊच्या धक्क्यावरून लाँच आजही जाते. तिथे, पोयनाड, अलिबाग, आजूबाजूच्या गावांत ज्यांच्या घरातलं कुणी रामदासवर होतं अशा घरांत बसा. नाव, वय, मुंबईत कुठे राहायचा, काय काम करायचा, त्या दिवशी का निघाला, एवढं प्रत्येकाबद्दल लिहून घ्या. फोटो असेल, बोटीवर नसलेली पण त्याची एखादी वस्तू असेल, पितळी डबा, पत्र, पगाराचं कार्ड, तर फोटो काढून त्याला नंबर द्या आणि वस्तू ज्यांची त्यांच्याकडेच राहू द्या. जुनी वर्तमानपत्रं कुठे बघायला मिळतील ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेख आहेत तिथेही अर्ज करा. सुरुवात स्वतःच्या आजीच्या भावापासून करा. त्याची माहिती सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यामुळे कॅनडाचं तिकीट पुढे ढकललं तर चालेल, हे नाही.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. टायटॅनिकमधून वर काढलेल्या वस्तूंमध्ये पत्रं आणि नोटा सुद्धा आहेत असं वाचलं. समुद्रात सत्तर-ऐंशी वर्षं कागद कसा राहू शकतो? आणि माणसांची हाडं का सापडत नाहीत?
— वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकमेकांना चिकटलेलं आहे. कागद नुसता पडला असता तर कधीच गेला असता, पण तो चामड्याच्या बॅगेत होता. चामडं कमावताना त्यात टॅनिन जातं, आणि टॅनिन असलं की जीवाणू त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. त्यामुळे बॅग टिकली आणि आतलं पत्र, नोटा, पत्ते टिकले. अंधार, कडाक्याची थंडी ह्याचीही मदत होते. हाडांचं उलटं आहे, एवढ्या खोल पाण्यात हाडं टिकत नाहीत, त्यातलं कॅल्शियम हळूहळू पाण्यात विरघळून जातं. म्हणून तळाशी काही ठिकाणी बुटांच्या जोड्या दिसतात, शेजारी शेजारी, आणि माणूस नाही. बूट टॅनिनमुळे राहिले. वरच्या उत्तरात मी बोटीच्या सांगाड्याला हात लावू नये म्हणाले ना, त्याच्याइतकंच मला ह्या जोड्यांबद्दलही वाटतं, त्या उचलू नयेत.

वर आणल्यावर खरं काम चालू होतं. वस्तू एकदम सुकवायची नाही, कारण आत शिरलेलं मीठ सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि वस्तू आतून फुटते. म्हणून आधी पाण्यातच ठेवतात, हळूहळू गोड्या पाण्यात नेऊन मीठ काढतात, धातूला मंद विजेचा प्रवाह देऊन त्यातले क्षार बाहेर ओढतात, लाकडात पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन भरतात. शेवटचं कसं असतं ते बघायचं असेल तर स्टॉकहोमच्या वासा जहाजाबद्दल वाच. ते १६२८ मध्ये पहिल्याच प्रवासात बंदरातच बुडालं, १९६१ मध्ये अख्खं वर काढलं आणि त्यावर १७ वर्षं हेच ग्लायकॉल फवारत होते. ते तिथे टिकलं कारण बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही. आपल्या कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला विचार, तो किडा लाकडी होडीचं काय करतो ते.

तुझ्यासारख्याला आवडेल अशी अजून एक गोष्ट. ॲडॉल्फ सालफेल्ड नावाचे मँचेस्टरचे अत्तरवाले त्या बोटीत होते, ते वाचले पण त्यांची सॅम्पलची पेटी बुडाली. २००० मध्ये त्या छोट्या कुप्या वर आणल्या तेव्हा काहींमधून अत्तराचा वास आला, ८८ वर्षांनी. केमिस्ट्रीच्या पुस्तकात बाष्पीभवन शिकशील तेव्हा ह्या कुप्या आठव, बूच घट्ट होतं आणि वर पाण्याचा दाब, बाहेर जायला वाटच नव्हती.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला बुडालेल्या जहाजांचं खूप आकर्षण आहे, पण परदेशात नेणं आम्हाला परवडणारं नाही. आपल्याकडे जवळपास तिला काय दाखवू?
— नेरुळ

उत्तर : तिला फोर्ट स्टिकिनची गोष्ट सांगा आणि भायखळ्याला घेऊन जा. टायटॅनिक हिमनगाला धडकली ती तारीख १४ एप्रिल, आणि १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. पोटात १४०० टनांच्या आसपास स्फोटकं, त्यावर कापसाच्या गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, अग्निशमन दलाचे जवान ती विझवत असतानाच चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, एवढा मोठा की सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. सोन्याची एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत आली, त्यांनी ती परत केली. जहाजाच्या पंख्याचा तुकडा धोबी तलावच्या सेंट झेवियर्स हायस्कूलच्या आवारात जाऊन पडला, नकाशावर तिला डॉक आणि शाळा दोन्ही दाखवा म्हणजे अंतर तिचं तिलाच कळेल.

अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी १४ एप्रिलला तिथे मानवंदना देतात आणि देशभरात अग्निशमन सप्ताह त्याच दिवशी सुरू होतो. त्या दिवशी सुट्टी असते, नेरुळहून हार्बर लाइनने कुर्ल्याला उतरून स्लो लोकल पकडली की भायखळा. आत जायची परवानगी आधी फोन करून विचारा. आणि जाण्यापूर्वी मुलीला एक वही द्या, तिथे जेवढी नावं वाचता येतील तेवढी तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून आणावीत.